मे महिन्यातला ४.९ गिगाहर्ट्झ

सकाळी पावणेसात

आजचं काम देवबागला. बॅग रात्रीच भरलेली असते, तरी निघताना एकदा उघडून बघतो. स्क्रूड्रायव्हर, हातातला ब्लोअर, दोन मऊ ब्रश, थर्मल पेस्टची ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, ऐंशी मिलिमीटरचा जादा फॅन, पेन ड्राइव्ह, आणि खोलीचं तापमान व आर्द्रता दाखवणारं टेबलावरचं छोटं डिजिटल यंत्र. प्रोसेसर तापतो म्हणून बोलावणं आलं असेल तर या शेवटच्या वस्तूशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

फोनवर बोलणारा पंचविशीतला मुलगा होता, लग्नाचे आणि स्कूबाचे व्हिडिओ करणारा. म्हणाला, "दादा, सकाळी मशीन बरा चलता, दुपार झाली काय मंद होता. बंद पडणा नाय, हँग पण होणा नाय. एक्सपोर्ट मात्र लांबत जाता." बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन क्वचित मिळतं. मशीन बंद पडत नाही, म्हणजे एसएमपीएस (मशीनचा वीजपुरवठा) आणि रॅमकडे लगेच धावायला नको. मंद होण्याची वेळ ठरलेली आहे, म्हणजे हवेचा संबंध आहे. उरतं ते थ्रॉटलिंग, म्हणजे प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करणं.

या धंद्याची खरी अडचण कॅलेंडरमध्ये आहे. लग्नं मेमध्ये, पर्यटक मेमध्ये. पावसाळा लागला की स्कूबा बंद, समुद्रातले सगळेच खेळ बंद. वर्षाची मोठी कमाई ज्या आठवड्यांत होते, त्याच आठवड्यांत खोली सगळ्यात जास्त तापलेली असते. गिऱ्हाईक संध्याकाळच्या गाडीने कुडाळ स्टेशनवर जाणार असतं आणि त्याला पाण्याखालचा आपला व्हिडिओ निघण्याआधी हवा असतो.

आठ वाजून दहा मिनिटं

तारकर्ली मागे टाकून पुढे आलं की जमीन अरुंद होत जाते. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी, मधल्या पट्टीत नारळ आणि घरं. स्टुडिओ वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या पत्र्याखाली. कॅबिनेट चिऱ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात नीट बसवलेलं आहे. दिसायला सुंदर. मी त्याला अजून हात लावत नाही.

मशीन असं: इंटेलचा कोअर आय-७ ८७००के, झेड३७० चिपसेटचा साधा बोर्ड, उभा टॉवर कूलर, पुढे काच असलेलं कॅबिनेट. ८७००के हा २०१७ साली आलेला सहा कोअरचा प्रोसेसर. नावातला 'के' म्हणजे मल्टिप्लायर मोकळा, ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, परवानगी. सहाही कोअर एकदम कामाला लागले की कंपनीच्या हिशेबाने तो ४.३ गिगाहर्ट्झला चालतो. इथे बायोसमध्ये ४.९ आहे आणि व्होल्टेज १.३५.

"हे आकडे कोणी दिले?"

"मुंबयचो मित्र आसा. तेच्याकडे हीच मशीन आसा. तेणा पाठवल्यान, मी घातलंय."

मित्राची खोली एसीची, बावीस अंशांची. शिवाय एकाच नावाचे दोन प्रोसेसरही सारखे नसतात. एकाला ४.९ साठी १.२८ व्होल्ट पुरतात, दुसऱ्याला १.३८ दिले तरी धाप लागते. दुसऱ्याचे आकडे उचलणं हे या छंदातलं सगळ्यात पसरलेलं दुखणं आहे, आणि त्यावर औषध एकच: आपल्या खोलीत, आपल्या चिपवर मोजायचं.

तापमापक टेबलावर ठेवतो, उन्हापासून आणि कॅबिनेटच्या गरम वाऱ्यापासून दूर. खोली २९ अंश, आर्द्रता ८२ टक्के.

पावणेनऊ

आधी काहीही न उघडता, न पुसता, आहे त्या अवस्थेत चाचणी. सगळ्यांना घाई असते ती स्वच्छ करण्याची. पण आधीचा आकडा हातात नसेल तर आपण नेमकं काय सुधारलं हे कधीच कळत नाही.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावतो. मोजणीचा अंतराल एक सेकंद, नोंद सरळ फाइलमध्ये. त्यात शेकडो ओळी दिसतात आणि नवखा माणूस गांगरतो. मी पाच-सहाच बघतो: प्रत्येक कोअरचं तापमान, पॅकेजची वीज वॅटमध्ये, व्होल्टेज, कोअरचा खरा परिणामी क्लॉक, बोर्डावरच्या व्हीआरएमचं तापमान, आणि वेग कशामुळे अडला ते सांगणारा भाग. ही शेवटची जागा बहुतेकांना माहीतच नसते.

चाचणीसाठी बनावट लोड घेत नाही. त्याच्याच एका लग्नाचं फोर-के प्रोजेक्ट घेतो आणि दिवसभर तेच वापरणार. प्राइम९५सारखी चाचणी प्रोसेसरला इतकं तापवते की रोजच्या कामाशी तिचा संबंध उरत नाही. ती शेवटी, स्थिरता बघायला.

एक्सपोर्ट ३३ मिनिटांत झाला. वेग ४.९ वरून हलला नाही. सगळ्यात गरम कोअर ९३ अंशांवर स्थिरावला.

आता कागदावर वजाबाकी. ९३ वजा २९, फरक ६४. हवेने थंड होणाऱ्या कुठल्याही कूलरचं काम म्हणजे प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत नेऊन सोडणं. खोलीच्या खाली तो जाऊ शकत नाही. लोड तोच असेल तर खोलीपेक्षा किती वर, हा फरक जवळजवळ कायम राहतो आणि खोली जितकी चढते तितकं प्रोसेसरचं तापमान चढतं. दुपारी ही खोली ३६ वर जाते असं तो सांगतो. ३६ अधिक ६४, बरोबर शंभर. आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे शंभर अंश. आतला सेन्सरही मुळात त्या मर्यादेपासून आपण किती दूर आहोत तेच मोजतो. सॉफ्टवेअर वजाबाकी करून आपल्याला अंश दाखवतं.

म्हणजे दुपारचा बिघाड सकाळीच कागदावर दिसला. "आज ८५ दाखवलं, चांगलं का वाईट?" असं मला विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, खोली किती होती? त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. बाहेरच्या जगातल्या बहुतेक चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपल्या किनाऱ्यावर बसून ते तक्ते वाचायचे तर आधी त्यात बारा-चौदा अंश मिळवायचे.

दहा

"आधी पेज खावन घेवा," खालून त्याची आई हाक मारते. उकड्या तांदळाची पेज खाऊन आम्ही कॅबिनेट पडवीत आणतो.

कूलरचा फॅन काढल्यावर खरी गोष्ट दिसते. पत्र्यांच्या मधे धुळीचा थर आहे, पण ती पुण्यातली कोरडी, फुंकर मारली की उडणारी धूळ नाही. करडा, चिकट लेप आहे आणि ॲल्युमिनियमच्या कडांवर पांढरी भुकटी धरली आहे. हे मिठाचं काम. लाटा फुटतात तेव्हा बारीक तुषार हवेत राहतात, पाणी उडून जातं आणि मीठ वाऱ्याबरोबर घरात येतं. मिठाचा एक गुण इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. सकाळी खोलीत ८२ टक्के होती. म्हणजे रोज पहाटे हा लेप ओला होतो, धूळ धरतो, धातू खातो, आणि दुपारी थोडा सुकून घट्ट बसतो. बोर्डावर तोच ओला लेप वीज वाहून नेऊ शकतो.

ब्लोअरने तो निघत नाही. अल्कोहोलनेही नीट निघत नाही, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. इथे पाणीच लागतं. कूलर पूर्ण सुटा करून, फॅन बाजूला ठेवून, फक्त धातूचा भाग डिस्टिल्ड पाण्याने धुतो, ब्रशने एकेक फट काढतो. विहिरीचं पाणी नको, खाडीकाठच्या विहिरींत खारटपणा असतो. मग वरून अल्कोहोल, म्हणजे उरलेलं पाणी त्याच्याबरोबर लवकर उडून जातं, आणि नंतर ऊन. बोर्डाला पाणी लावायचं नाही. तिथे कोरडा ब्रश आणि गरजेपुरता अल्कोहोलचा बोळा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची. पाती भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं आणि मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे ढकलते.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट मधोमध पातळ आणि कडेला खडूसारखी झालेली. तापणं-निवणं होत राहतं तशी पेस्ट हळूहळू कडेला सरकते. ती पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका, आणि कूलरचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे आवळत. एक बाजू आधी आवळली तर दाब सारखा बसत नाही आणि एखादा कोअर उगाच आठ-दहा अंश वर राहतो.

मुलगा विचारतो, आता कॅबिनेट बाहेरच ठेवू काय? मी म्हणतो, नको, परत कोनाड्यातच. एका वेळी एकच बदल.

पावणेबारा

खोली ३३. तोच एक्सपोर्ट. दहा मिनिटांनी प्रोसेसर ८७ वर थांबला. फरक ६४ वरून ५४. एका धुण्याने आणि पेस्टने दहा अंश.

"झाला मरे काम!" तो म्हणाला, आणि बाराव्या मिनिटाला वेग ४.९ वरून धाडकन खाली आला. तापमान ८७, मर्यादेला तेरा अंश बाकी, तरी वेग पडला. थोडा वेळ वर, परत खाली.

इथे बहुतेक लोक चक्रावतात आणि जास्त महागडा कूलर आणतात. वेग पडण्याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. सुरुवातीपासूनच ठरावीक दोनशे मेगाहर्ट्झ कमी दिसत असतील तर ते थ्रॉटलिंगच नाही. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट, म्हणजे एव्हीएक्सच्या जड सूचना चालताना वेग कमी ठेवणारी सेटिंग, लावलेली असते, आणि व्हिडिओचं काम त्याच सूचना वापरतं. अर्ध्या-एक मिनिटाने वेग उतरून तिथेच स्थिर राहिला तर विजेची मर्यादा, पीएल-१ आणि पीएल-२. तापमान शंभरला टेकून वेग थरथरत असेल तर उष्णता. यातलं इथे काहीच बसत नाही.

उत्तर एचडब्ल्यूइन्फोच्या, वेग कशामुळे अडला ते सांगणाऱ्या भागात होतं. 'कोअर थर्मल थ्रॉटलिंग' समोर नो. 'व्हीआर थर्मल अलर्ट' समोर येस. म्हणजे ओरड प्रोसेसरची नव्हती, बोर्डाची होती. एसएमपीएस बारा व्होल्ट देतो, प्रोसेसरला एक ते दीड व्होल्टच्या मधलं काहीतरी लागतं. हे रूपांतर करणारे छोटे ट्रान्झिस्टर आणि कॉइल सॉकेटच्या शेजारी बसलेले असतात, त्यालाच व्हीआरएम म्हणतात. दीडशे वॅट १.३ व्होल्टला द्यायचे म्हणजे शंभर अँपिअरच्या वर प्रवाह. साध्या बोर्डावर त्यांच्या अंगावर ॲल्युमिनियमचा एक चिमुकला तुकडा असतो. पूर्वी डब्यातून येणारा चपटा कूलर वरून खाली वारा मारायचा, तो वारा आपोआप यांनाही लागायचा. टॉवर कूलरचा वारा बोर्डाला समांतर जातो. प्रोसेसर थंड, शेजारी भाजतोय. बोर्डाचा सेन्सर ११२ दाखवत होता.

खात्री करायची सोपी रीत आहे. बाजूचा पॅनल काढला, घरचा टेबल फॅन त्या कोपऱ्यावर सोडला. दोन मिनिटांत अलर्ट गेला, वेग परत ४.९.

तापमापक आता कोनाड्यात, कॅबिनेटच्या तोंडाशी धरला. खोली ३३, पण तिथे ३९. मागून बाहेर टाकलेली गरम हवा चिऱ्याला आपटून पुढे येत होती आणि मशीन तीच परत ओढत होतं.

एक वाजून दहा

वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा एवढंच. चाचणी अर्धवट टाकून जेवायला बसतो. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी.

जेवताना तो विचारतो, प्रोसेसर जळत कसा नाही? मी त्याला २००१ची गोष्ट सांगतो. टॉम्स हार्डवेअर या चाचणीकारांनी चालू मशीनवरचे कूलर काढून दाखवले होते. पेंटियम ४ नुसता मंदावला, कारण त्याच्यात थ्रॉटलिंगची सोय होती. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र धूर निघाला. त्याआधी, १९९८च्या सेलेरॉन ३००ए चं वेड होतं. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशेची चिप साडेचारशेला पळायची, तीही साध्या कूलरवर. आजच्या प्रोसेसरमध्ये कंपनीने ती शिल्लक स्वतःच काढून घेतलेली आहे. एएमडीचे रायझन ७००० तर पूर्ण लोडला ९५ अंशांवर चालावेत असेच घडवले आहेत. थ्रॉटलिंग दिसलं म्हणजे मशीन बिघडलं असं मानणाऱ्यांना मी म्हणून सांगतो, की ज्याने तुमची चिप वाचवली त्याला बंद करायची बटणं शोधू नका.

अडीच

वीज दोनला आली. लगेच मोजत नाही. निवलेलं मशीन पहिली दहा-पंधरा मिनिटं खोटं सुख देतं. कूलरचा धातू, बोर्ड, कॅबिनेट, सगळं तापून स्थिर व्हावं लागतं.

खोली ३६. हीच वेळ मला हवी होती. ओव्हरक्लॉक बसवायचा तो वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी, मेच्या दुपारी. जानेवारीच्या सकाळी बसवलेला टिकत नाही.

कॅबिनेट कोनाड्यातून बाहेर, भिंतीपासून हातभर दूर. ऐंशी मिलिमीटरचा फॅन व्हीआरएमवर वारा जाईल असा आत बांधला. पुन्हा ४.९, १.३५. प्रोसेसर ८४, फरक ४८. व्हीआरएम १०१, अलर्ट नाही.

"मगे ऱ्हवांदे असाच?"

नाही, असं माझं मत, आणि ते मी त्याला आकड्यांनी सांगतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी आहेत. हार्डवेअरने चूक केली आणि सुधारून घेतली, अशा. सगळ्या गेल्या काही आठवड्यांतल्या दुपारच्या. म्हणजे ४.९ या चिपला या उष्णतेत झेपतच नाही. दोन महिन्यांनी मीठ परत चढेल, फरक परत वाढेल. आणि जास्त व्होल्टेज चिपला हळूहळू कायमचं झिजवतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं, प्रोसेसर अस्थिर झाले, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये कंपनीला त्यासाठी मायक्रोकोड बदलावा लागला. तिथे तर अनेकांनी ओव्हरक्लॉक केलेलाही नव्हता.

उष्णतेचा हिशेब असा: वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग. ४.९ चे ४.६ केले तर वेग जातो सहा टक्के. त्यामुळे १.३५ ऐवजी १.२० व्होल्ट पुरले, तर १.२० भागिले १.३५ चा वर्ग ०.७९, गुणिले ०.९४, म्हणजे ०.७४. सहा टक्के वेगाच्या बदल्यात पाव हिश्शाहून जास्त उष्णता कमी.

बायोसमध्ये व्होल्टेज 'ऑटो'वर सोडायचं नाही, बोर्ड सढळ हाताने देतात. हाताने १.२५ पासून खाली, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला सिनेबेंच या चाचणीची दहा मिनिटं. १.१८ ला डब्ल्यूएचईएची नोंद आली. परत १.२० वर. प्राइम९५ अर्धा तास, नोंद शून्य.

पावणेपाच

खोली अजून ३५. शेवटचा खरा एक्सपोर्ट. प्रोसेसर ७१, फरक ३६. कागदावर ४८ चे ३५ ते ३६ यायला हवे होते, आले. व्हीआरएम ८२. वेळ ३५ मिनिटं. त्याच्या फाइलींच्या नोंदींप्रमाणे हेच काम गेल्या आठवड्यात दुपारी ४१ मिनिटं घेत होतं. सकाळच्या ४.९ पेक्षा दोन मिनिटं मागे, दुपारच्या ४.९ पेक्षा सहा मिनिटं पुढे. त्याला एका दिवसात जितके व्हिडिओ द्यायचे असतात ते बघता हा सौदा उघड आहे.

"एसी घेवया काय?" तो विचारतो. परवडत असेल आणि वीज टिकत असेल तर जरूर, खोली बारा अंश उतरली तर सगळं बारा अंश उतरतं. पण एक पथ्य. या दिवसांत आपल्या हवेचा दवबिंदू पंचविसाच्या वर असतो. एसीत गार पडलेलं बंद मशीन असताना खिडक्या उघडल्या की धातूवर पाणी धरतं, आणि आत मीठ आहेच. एसी बंद केला की खोली आपोआप गरम होईपर्यंत खिडकी उघडायची नाही. पाण्यावरच्या कूलरचं विचारतो तर त्यालाही खोलीच्या खाली जाता येत नाही, वर पंप बिघडायची आणखी एक जागा. या मशीनला मी तो सुचवणार नाही.

सहा

कॅबिनेटच्या बाजूला कागद चिकटवला: तारीख, खोली, प्रोसेसर, फरक. दर महिन्याला एकदा हाच एक्सपोर्ट चालवून एक ओळ वाढवायची. फरक ४५ च्या पुढे गेला तर धुवायची वेळ आली.

त्याच्या आईचा प्रश्न पावसाळ्याचा होता. "चार म्हयने काम नाय, मगे झाकून ठेवलो तर चलात?" तौक्ते वादळानंतर, मे २०२१ मध्ये, किनाऱ्यावर दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि नंतर माझ्याकडे आलेली गंजलेली मशीनं बहुतेक झाकून ठेवलेलीच होती. म्हणून सांगितलं, झाकायचं नाही. रोज तासभर चालू करायचं, आतली ऊब ओलावा घालवते. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग काढून ठेवायचा.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन केले. पहिल्याला नाव दिलं 'मे': ४.६, १.२०. दुसरा 'डिसेंबर': ४.८, १.२८. थंडीत पहाटे ही खोली बावीस-तेविसावर येते, तेव्हा तेवढी मोकळीक मिळायला हरकत नाही. आज मात्र तो तपासता येणार नाही. नाताळच्या पर्यटकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, सकाळी सातला, तापमापक घेऊन परत यायचं ठरवून मी बॅग भरली.